फ्लॅटमधलं काम काढताय? सोसायटीच्या समितीकडून मंजुरी अशी घ्या

वरूड, पुसद, हिंगणघाट, वणी, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावांत आता बारा-सोळा फ्लॅटच्या इमारती जागोजागी उभ्या आहेत. मुलांच्या शाळेसाठी खेड्यावरून आलेले शेतकरी, शिक्षक, बँकेतले, पेन्शनवाले सगळे एकाच जिन्याने चढतात-उतरतात, आणि सोसायटीची समितीही त्यांच्यातूनच होते. अध्यक्ष-सचिवांपैकी कोणी इंजिनियर असेलच असं नाही. त्यांच्यापुढे "बाथरूम तोडून नवीन करायचं आहे, परवानगी मिळावी" एवढ्या एका ओळीचा अर्ज आला की तीन गोष्टी त्यांना खटकतात. स्लॅबला धक्का बसेल का? खालच्या घरात पाणी उतरेल का? आणि उद्या भांडण उभं राहिलं तर निस्तरायचं कोणी? अर्जात याची उत्तरं नसली की विषय पुढच्या बैठकीवर जातो, तिथून त्याच्या पुढच्या. समितीचा विरोध बहुतेक वेळा तुमच्या नव्या टाइल्सना नसतो, न सांगितलेल्या गोष्टींना असतो. त्यामुळे खरी मेहनत अर्जाच्या आधीची आहे.

पहिलं काम: इमारत नेमकी कोणत्या कायद्यात बसते ते बघा

विदर्भात बऱ्याच इमारतींची सहकारी सोसायटी झालेलीच नसते, त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र करून नोंदवलेल्या असतात. लोक मात्र सरसकट "सोसायटी"च म्हणतात. तुमच्याकडे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, असेल आणि इमारतीचं सहकार खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र असेल, तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिची स्वतःची नियमावली, लागू होतात. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याने दिलेल्या नमुना नियमावलीप्रमाणे) फ्लॅटमध्ये कोणतीही वाढ किंवा बदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. खरेदीखतात "घोषणापत्र" आणि "अविभक्त हिस्सा अमुक टक्के" असे शब्द दिसले तर तुम्ही अपार्टमेंटधारक आहात. तिथे नियम जास्त कडक आहे: इमारतीच्या मजबुतीला बाधा येईल असं काम किंवा नवीन बांधकाम करायचं तर बाकीच्या सर्व फ्लॅटधारकांची संमती हवी. सर्व म्हणजे सर्व. नागपूर-पुण्याला राहणाऱ्या मालकाचीसुद्धा.

यातलं काहीच नोंदलेलं नसेल, तर निदान वरच्या, खालच्या आणि भिंतीला भिंत असलेल्या घरांची लेखी संमती घ्या.

यानंतर सचिवांकडून तीन कागद बघायला मागा: मंजूर नकाशा, कॉलम-बीम दाखवणारा स्ट्रक्चरल नकाशा आणि शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. ऑडिट झालंच नसेल तर ते अर्जाआधी लक्षात आलेलं बरं, कारण जड कामाला मंजुरी देताना समिती तिथेच अडते, आणि ते रास्तही आहे.

कोणत्या कामाला कोणाची परवानगी

रंग, पुट्टी, फर्निचर, नळ बदलणं, जुन्याच पाइपातून नवीन वायर ओढणं यासाठी मंजुरीची वाट बघत बसायची गरज नाही. फक्त आवाज आणि माणसांची ये-जा होणार असेल तर सचिवांना चार ओळींची लेखी सूचना द्या.

बाथरूम, फरशी, किचन ओटा हलवणं, आतली पडदी (वजन न पेलणारी, फक्त खोल्या वेगळ्या करणारी) भिंत काढणं किंवा घालणं, एसी, कुलरचा स्टँड, ग्रिल: समितीची लेखी मंजुरी.

बाहेरून दिसणारा भाग, गच्ची, जिना, डक्ट, सामायिक पाण्याची लाइन यांना हात लागणार असेल तर विषय आमसभेत न्या. वार्षिक आमसभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते, म्हणून असा विषय जुलै-ऑगस्टमध्येच लेखी देऊन ठेवा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली कमी असेल ती. बारा फ्लॅटच्या सोसायटीत आठ जण हवेत, आणि पोळा-महालक्ष्म्यांच्या दिवसांत आठ जण जमवणं सोपं नाही. त्यांना स्वतः फोन करा.

बाल्कनी बंद करून खोलीत घेणं, बांधकाम वाढवणं, इमारतीच्या सांगाड्यात बदल, किंवा राहत्या घराचा दवाखाना-क्लास करणं, यासाठी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नगर परिषदेची परवानगी लागते. समितीने "हो" म्हटलं तरी ती वेगळी घ्यावीच लागते. उलट नगर परिषदेचा कागद दाखवून समितीला टाळताही येत नाही.

कॉलम, बीम, स्लॅब कापण्याचं काम अर्जात घालूच नका. खालच्याच्या स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर नवीन संडास-बाथरूम येईल असा आराखडाही नको. त्यातून ओल आली नाही तरी मनं कायमची दुखावतात.

भिंत काढायची असेल तर

आधी इमारत फ्रेमची (कॉलम-बीमच्या सांगाड्याची) आहे की भिंतींवर उभी आहे ते ठरवा. जुन्या दोन-तीन मजली इमारतींत स्लॅब थेट ९ इंची विटांच्या भिंतींवर टेकलेला असतो. कोपऱ्यांत कॉलम दिसत नसतील, भिंतींवर बीम उतरलेला दिसत नसेल आणि वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत असेल, तर ती भिंत वजन पेलते आहे असंच धरा. साडेचार इंची भिंतही काही ठिकाणी वरची भिंत पेलत असते, म्हणून जाडी बघून मिस्त्रीने दिलेला निर्वाळा पुरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी आणा आणि त्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, "ही भिंत भारवाहक नाही, ती काढल्याने सांगाड्याला बाधा नाही" असं लिहून घ्या. या एका कागदाने समितीतली निम्मी चर्चा संपते.

नवीन भिंत घालणार असाल तर वजनाचा आकडा द्या. १० फूट लांब, १० फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह साधारण अडीच टन भरते. फ्लाय अॅशच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात, पण त्यांनी वजन कमी होत नाही. तीच भिंत ४ इंची एएसी ब्लॉकची (हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे हलक्या असलेल्या ब्लॉकची) केली तर प्लास्टर धरूनही एक टनाच्या आसपास राहते. भिंत बीमवर न येता स्लॅबच्या मधोमध येत असेल तर ब्लॉक किंवा जिप्समची पडदीच मागा.

वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारताना उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच पाऊण इंचावर गेली की भिंत कमजोर होते. छताला तर खाच मारूच नये. तिथे लोखंडी सळईवर जेमतेम १५-२० मिलिमीटर काँक्रीट असतं.

बाथरूम: सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात

आदर्श उपविधींत स्पष्ट आहे की संडास, बाथरूम, सिंक यांतून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या-त्या सभासदाचा. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीची. त्यामुळे बाथरूम तोडल्यावर खालच्या छताला पोपडे आले, तर बिल तुमच्याकडेच येणार. समितीला हे माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे, हे अर्जातून दिसू द्या. त्यासाठी कामाचा क्रमच जोडा:

१. तोडफोड छिन्नी-हातोडी किंवा छोट्या ब्रेकरने. मोठा ब्रेकर नको, त्याच्या हादऱ्याने खालचं प्लास्टर सुटतं आणि सळईभोवतीचं काँक्रीट ढिलं होतं.

२. खड्ड्यातला (सन्कन स्लॅबमधला, म्हणजे बाथरूमसाठी मुद्दाम खाली सोडलेल्या स्लॅबवरचा) जुना कोबा, म्हणजे भराव, पूर्ण काढून स्लॅब झाडून-धुऊन उघडा करायचा. वरच्या टाइल्स काढून जुन्या कोब्यावरच नवीन काम केलं तर आत मुरलेलं पाणी तसंच राहतं, आणि नवीन वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं असलं तरी खाली ओल येत राहते. गळतीचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

३. सळई उघडी दिसली तर गंज घासून, पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती. पाइप स्लॅबमधून जातो तिथली पोकळी नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकल्यावर न आक्रसणाऱ्या मसाल्याने) भरायची. पाणी उतरतं ते बहुधा याच कडेने, सपाट भागातून क्वचितच.

४. कोपऱ्यांना मॉर्टरचा गोलावा देऊन वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. भिंतीवर तयार फरशीच्या वर किमान १ फूट, शॉवरच्या बाजूला ६ फूट.

५. पाइपाचं तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. पातळीची खूण भिंतीवर करून फोटो काढायचा. खालच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या छताचाही फोटो घ्यायचा.

६. मग नवीन पाइप आणि वॉटर-सील असलेला नहाणी ट्रॅप. जुना बिडाचा पाइप आणि नवीन पीव्हीसी यांचा जोड सिमेंट थापून करू देऊ नका, योग्य कपलरच हवा. थापलेला जोड पहिल्या उन्हाळ्यातच चिरतो.

७. कोबा, उतार, पुन्हा २४ तास पाणी, आणि त्यानंतरच टाइल्स. उतार ५ फुटांना पाऊण इंच, ट्रॅपच्या दिशेने.

५ बाय ८ फुटांच्या बाथरूममध्ये १ फूट कोबा म्हणजे जवळपास दोन टन वजन. जुना काढून तेवढाच नवीन भरला तर भार वाढत नाही. पण "लेव्हल थोडी उचलू" असं म्हणत मिस्त्री दोन-तीन इंच वाढवतो, तिथे भार वाढतो आणि उंबऱ्यावरून पाणीही बाहेर येतं. अर्जात लिहा: तयार फरशीची पातळी पूर्वीएवढीच राहील.

फरशी, ओटा, कुलर, एसी

जुन्या फरशीवर चिकटवून नवीन टाइल बसवली तर चौरस फुटाला साधारण दोन ते अडीच किलो भार वाढतो, आणि तोडफोडीचा त्रास वाचतो. जुन्या फरशीवर दोन इंच रेती-सिमेंटचा थर टाकून वर टाइल बसवली तर तोच भार बारा किलोच्या आसपास जातो. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो, वापराचा भार धरून केलेला असतो. त्यातले बारा किलो फरशीनेच खाल्ले तर माणसं, कपाटं, गव्हाच्या कोठ्या यांना उरतं काय? समितीने पद्धत विचारायच्या आत हा हिशेब तुम्हीच मांडा.

कुलरकडे आपल्याकडे कोणी "काम" म्हणून बघत नाही, पण उन्हाळ्यात जिन्यावर सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात. ८० लिटर टाकीचा लोखंडी कुलर पाण्यासह शंभर किलोच्या वर जातो. तो खिडकीच्या ग्रिलवर टांगू नका, छज्जावरही ठेवू नका. अँगलचा स्टँड काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने धरायचा, विटेत मारलेला बोल्ट थरथरीने सुटतो. ओव्हरफ्लोची नळी डक्टमध्ये किंवा स्वतःच्या बाथरूममध्ये सोडायची, खालच्यांच्या खिडकीवर नाही. स्टँडचं चित्र अर्जाला जोडा.

दीड टनाच्या एसीसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) लागतो. महावितरणकडे मंजूर भार कमी असेल तर वाढीव भाराचा अर्ज आधी करा आणि त्याची पोच समितीला द्या. पाइपासाठी कोअर कटिंगचं (मशीनने गोल कापलेलं) अडीच-तीन इंची छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, आणि बीममधून अजिबात नको.

काळ्या मातीतल्या इमारतीसाठी एक खास काळजी

काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अशा जमिनीवरच्या इमारतींत भिंतींना तिरक्या भेगा असतातच, आणि त्या मार्च ते मे या काळात रुंदावतात. नेमकं तेव्हाच तुमचं काम चालू असलं, की शेजारी म्हणतात, "तुमच्या हातोड्यानंच फाटलं." म्हणून काम सुरू होण्याआधी, समितीच्या एका सदस्याला सोबत घेऊन, खालच्या, वरच्या आणि लगतच्या घरांतल्या भेगांचे तारखेसह फोटो काढा. भेगेवर पेन्सिलने टोकाची खूण करून तारीख घाला. घरमालकाची फोटोच्या प्रिंटवर सही घ्या. एका संध्याकाळचं काम आहे, पण पुढे वाद झाला तर हाच पुरावा कामी येतो.

काम कधी काढावं

पावसाळ्यात ओलीची चाचणी खरी कळत नाही, कारण भिंती आधीच ओल्या असतात. जूनमध्ये पेरणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन-कपाशी, या काळात मजूर मिळत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांचं काम दीड महिना रेंगाळतं आणि समितीला दिलेला शब्द मोडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ, टँकर. उरतात डिसेंबर आणि जानेवारी. त्यासाठी अर्ज ऑक्टोबरच्या शेवटी पडायला हवा.

खालच्या घरी आधी जा

अर्ज देण्यापूर्वी खालच्या मजल्यावर जाऊन बोला, हातात नकाशा घेऊन. "काकाजी, बाथरूमचं काम काढतो आहे. तुमच्या छताचे आज फोटो घेऊन ठेवू. ओल आली तर दुरुस्ती माझ्याकडे, तसं लिहून देतो." एवढं आधी कानावर घातलेलं असलं तर ते बैठकीत विरोधात बोलत नाहीत. घरी कोणी आजारी असेल, तान्हं बाळ असेल, मुलीचं लग्न ठरलं असेल, तर त्या तारखा सोडून वेळापत्रक करा आणि अर्जात तसं लिहा. त्यांची "हरकत नाही" अशी सही अर्जाला जोडा. कायद्याने ही सही प्रत्येक वेळी लागतेच असं नाही, पण समितीसाठी तिच्याइतकं वजन दुसऱ्या कागदाला नसतं.

अर्जाचा मजकूर

"प्रति, मा. सचिव, ______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या.
विषय: सदनिका क्र. __ मधील अंतर्गत दुरुस्तीस परवानगी मिळण्याबाबत.
महोदय, मी वरील सदनिकेचा सभासद असून पुढील कामे करू इच्छितो: (कामांची यादी, मापांसह). कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरील भिंत व सामायिक पाइपलाइन यांना धक्का लागणार नाही. काम दि. __ ते दि. __ या काळात, सकाळी १० ते १ व दुपारी ३ ते ६ चालेल. रविवारी व सणांच्या दिवशी बंद राहील. मलबा पोत्यांत भरून त्याच आठवड्यात बाहेर नेला जाईल. कामामुळे संस्थेचे वा शेजारी सदनिकांचे नुकसान झाल्यास दुरुस्ती स्वखर्चाने करून देईन. सोबत: जुना व नवा नकाशा, अभियंत्याचे पत्र, कामाचा क्रम, ठेकेदाराचे नाव व मजुरांची यादी, शेजाऱ्यांची संमती, हमीपत्र. कृपया विषय येत्या समिती बैठकीत घ्यावा व निर्णय लेखी कळवावा."

दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. सचिवांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी, त्यामुळे बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी अर्ज पोचलेला असू द्या. हमीपत्र मुद्रांकावर मागितलं तर ते ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा.

मलब्याचा आकडाही द्या. वर सांगितलेल्या बाथरूमच्या कोब्याचा साठ-सत्तर पोती मलबा निघतो, भिंतीच्या टाइल्स आणि प्लास्टर वेगळं. ट्रॅक्टर-ट्रॉली कुठे उभी राहील, पोती जिन्याने किती वाजता उतरतील, हे लिहिलं की पार्किंगवरून होणारा वाद टळतो. लिफ्ट असेल तर रेती आणि मलबा तिच्यातून नेणार नाही असं स्वतःहून लिहा.

समितीच्या अटी

कामाच्या वेळा, मजुरांचे ओळखपत्र, जिना रोज झाडणं, मधेच येऊन पाहणी करण्याचा हक्क: या अटी मुकाट्याने मान्य करा. परत मिळणारी अनामत मागितली तर ती आमसभेच्या ठरावाप्रमाणे आहे ना ते विचारा, पावती घ्या, आणि ती किती दिवसांत व कशावरून परत मिळेल हे मंजुरीपत्रातच लिहून घ्या. "बिल्डिंग फंडाला एवढी देणगी द्या, मग सही करतो" ही अट मात्र मान्य करू नका. अशी सक्ती कायद्यात बसत नाही, आणि एकाने दिली की पुढच्या प्रत्येकाला द्यावी लागते. शांतपणे एवढंच म्हणा, "ठरावाची प्रत द्या, भरतो."

मंजुरी तोंडी घेऊ नका. पत्रात ठराव क्रमांक, बैठकीची तारीख, कामांची यादी आणि मुदत हवी. काम चालू असताना काही बदललं, समजा ओटा एक फूट सरकवायचा ठरला, तर पुरवणी अर्ज द्या. मंजूर यादीबाहेरचं एक काम पकडलं गेलं की बाकी सगळ्यावर संशय येतो.

नकार आला किंवा उत्तरच नाही

उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं धरू नका. बैठक होऊन गेल्यावर स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या. नकार आला तर कारण लेखी मागा. कारण तांत्रिक असेल तर दोघांना मान्य असा दुसरा इंजिनियर बोलवा, त्याची फी तुम्ही द्या. बहुतेक विषय इथेच सुटतात. कारणच देत नसतील, तर पाचव्या भागाएवढ्या सभासदांच्या सह्यांनी विशेष आमसभेची मागणी करता येते. त्यापुढे सहकारी संस्थांच्या सहाय्यक किंवा उपनिबंधक कार्यालयात तक्रार, आणि शेवटी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. पण एका बाथरूमसाठी न्यायालय गाठणं खर्चाचं आणि वर्षानुवर्षं चालणारं आहे, शिवाय राहायचं त्याच जिन्यावर आहे. इंजिनियरच्या पत्राचा मार्ग आधी पूर्ण वापरून बघा.

काम संपल्यावर

पाण्याच्या दोन्ही चाचण्यांचे फोटो, भिंतीतल्या पाइप-वायरींचे टाइल्स लावण्याआधीचे फोटो आणि नवा नकाशा, या सगळ्याची एक प्रत सोसायटीच्या फाइलला लावा. पाइपांचे फोटो पुढे प्लंबरला सोन्यासारखे उपयोगी पडतात. मग समितीच्या दोन सदस्यांना आणि खालच्या घरच्यांना बोलावून छत दाखवा, "ओल आढळली नाही" अशी त्यांची तारखेसह सही घ्या, आणि त्याच कागदाला जोडून अनामत परत मागणारा अर्ज द्या.